गॅस्प : आत ओढलेल्या एका श्वासाचा अर्थ

रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागाबाहेर ताटकळत बसलेल्या नातेवाइकांच्या कानांवर जे इंग्रजी शब्द सारखे पडत असतात, त्यांपैकी 'गॅस्पिंग' हा एक आहे. 'पेशंट गॅस्पिंग आहे', 'आणला तेव्हाच गॅस्पिंग होता', 'गॅस्पिंगला गेला म्हणून ट्यूब टाकली' अशी वाक्ये डॉक्टर आणि परिचारिका दिवसातून अनेकदा बोलतात, आणि ती मराठीतच बोलली जात असल्यामुळे ऐकणाऱ्याला ती कळली असतील असे गृहीत धरले जाते. काही वर्षांपूर्वी शेजारच्या आजोबांना घेऊन आम्ही मध्यरात्री एका रुग्णालयात गेलो होतो. केसपेपरवर लिहिलेला हा शब्द त्यांच्या मुलाने वाचला, मोबाइलवर त्याचा अर्थ शोधला, आणि पडद्यावर 'धापा टाकणे' असे उत्तर आले. त्याने लगेच घरी फोन लावून आईला सांगितले, "बाबांना धाप लागली आहे, पण श्वास चालू आहे." अर्ध्या तासाने डॉक्टर बाहेर आले आणि त्यांनी जे सांगितले, त्याची त्या घराने काहीच तयारी केलेली नव्हती.

शब्दकोशाने चुकीचा अर्थ दिला होता असे म्हणता येत नाही. धावून धावून दमलेला माणूस जेव्हा हवेसाठी तोंड उघडून धडपडतो, तेव्हा इंग्रजीतही त्याच्यासाठी 'गॅस्प' हे क्रियापद वापरतात आणि तिथे 'धापा टाकणे' चालून जाते. मात्र धाप हा या शब्दाचा एक कोपरा आहे. त्याचा गाभा निराळा असून तो समजला नाही, तर कादंबरीतले वाक्य आणि केसपेपरवरचा शेरा दोन्ही हातून निसटतात.

गॅस्प म्हणजे तोंड उघडून एकदम आत ओढला गेलेला एक श्वास. तो आत जाणारा असतो, अचानक येतो, आणि बहुधा ऐकू येतो. दार उघडताच समोर साप दिसला, पाकीट घरी विसरल्याचे तिकीट खिडकीपाशी ध्यानात आले, नाटकात खुनी कोण ते उलगडले, की आपल्या घशातून जो 'हाऽ' असा आत जाणारा आवाज निघतो, तोच हा. त्यानंतर क्षणभर श्वास थांबतो, म्हणूनच मराठी कथाकार अशा ठिकाणी 'तिचा श्वास अडकला' किंवा 'त्याने श्वास रोखला' असे लिहून मोकळे होतात. त्यांनी टिपलेला असतो तो गॅस्पनंतरचा क्षण. श्वास आत ओढला जाण्याच्या नेमक्या क्षणाला आपल्या लेखी भाषेत सुटसुटीत नाम नाही, आणि अनुवाद करणाऱ्यांची अडचण तिथेच होते. 'तिच्या तोंडून अस्फुट उद्गार निघाला' हे त्यावरचे रूढ उत्तर, पण उद्गार बाहेर जातो आणि गॅस्प आत येतो. मला विचाराल तर 'तिने दचकून श्वास आत ओढला' एवढे साधे लिहिणे अधिक बरे.

या शब्दाचे मूळ पाहिले म्हणजे उघड्या तोंडाचे महत्त्व लक्षात येते. इंग्रजीत तो चौदाव्या शतकाच्या अखेरीपासून दिसतो आणि तिथे तो उत्तरेकडून, व्हायकिंगांच्या जुन्या नॉर्स भाषेतून आला, असे मानले जाते. नॉर्समधल्या 'गेइस्पा' या क्रियापदाचा अर्थ होता जांभई देणे. त्याच कुळातल्या शब्दाचा अर्थ स्वीडिशमध्ये आजही जांभई देणे हाच आहे, तर शेजारच्या डॅनिशमध्ये मात्र तो गॅस्पकडे सरकला आहे. म्हणजे या शब्दाच्या मुळाशी फुप्फुसे नसून जबडा आहे. मराठीत याच्या सर्वांत जवळ जाणारा वाक्प्रचारही जबड्याचाच आहे : 'आ वासणे'. कोळणीच्या पाटीत नुकताच ओतलेला मासा पाहिला, तर तडफड थांबल्यानंतरही तो थोड्याथोड्या वेळाने आ वासतो, कल्ले उचलतो आणि पुन्हा निपचित पडतो. इंग्रज त्या माशाबद्दलही गॅस्प हेच क्रियापद वापरतो. दोन हालचालींमधली ती लांबलेली शांतता ध्यानात ठेवावी, कारण पुढे तिचे काम पडणार आहे.

'गॅस' या शब्दाशी मात्र याचे काही नाते नाही, दिसायला ते भावंडे वाटले तरी. 'गॅस' हा शब्द सतराव्या शतकात यान बाप्टिस्ट व्हान हेल्माँट या फ्लेमिश रसायनशास्त्रज्ञाने ग्रीक 'खाओस' या शब्दावरून घडवला. छातीत दुखू लागले की 'गॅस झाला असेल' म्हणून ओवा-सोडा घेऊन वाट पाहत बसण्याची आपल्याकडची सवय पाहता हे दोन्ही शब्द एकाच केसपेपरवर पुष्कळदा एकत्र येतात, हा वेगळा आणि दुःखद योगायोग आहे.

उच्चाराविषयी एवढेच सांगितले तरी पुरे की, लंडनकडचा माणूस 'गास्प' म्हणतो आणि अमेरिकन तसेच उत्तर इंग्लंडमधला माणूस 'गॅस्प' म्हणतो. आपण दुसरा उच्चार उचलला आहे.

वापराकडे वळले की या क्रियापदामागे लागणाऱ्या छोट्या अव्ययांवर सगळा अर्थ फिरतो. 'गॅस्प अ‍ॅट' म्हटले की कशाकडे तरी पाहून श्वास आत ओढला गेला : ताजमहाल पाहून, किंवा दवाखान्याचे बिल पाहून. 'गॅस्प इन' किंवा 'गॅस्प विथ' यांच्यानंतर भावना येते : भीती, आश्चर्य, वेदना. 'गॅस्प फॉर' आले की हवेची मागणी सुरू झाली, इथे श्वास एक राहत नाही, एकामागून एक येतात, आणि इथेच आपली धाप शोभते. 'गॅस्प आउट' म्हणजे श्वास पुरत नसताना तुटक शब्दांत कसेबसे सांगणे. 'पाणी… पाणी द्या…' असे जे पात्र बोलते, ते आपले वाक्य गॅस्प आउट करत असते. ब्रिटनमध्ये तर चहाची तल्लफ आलेला माणूस 'मी चहासाठी गॅस्पिंग आहे' असे अगदी सहज म्हणतो, आणि त्याला रुग्णवाहिका लागत नाही. घरात परदेशी पाहुणा असला तर ही गोष्ट माहीत असलेली बरी.

आता शेजारचे शब्द. इंग्रजी चित्रपट सबटायटल्स लावून पाहणाऱ्या आपल्या मंडळींना पडद्याच्या तळाशी कंसात उमटणारे श्वासाचे हे सगळे खानदान ओळखीचे असते, पण एकमेकांपासून वेगळे करता येतेच असे नाही. 'साय' म्हणजे सुस्कारा किंवा उसासा. तो बाहेर जातो आणि त्यामुळे मनाला थोडे हलके वाटते. 'पँट' म्हणजे खरी धाप : जिना चढून आलेल्या माणसाचे किंवा उन्हात जीभ बाहेर काढून बसलेल्या कुत्र्याचे भराभर, उथळ, लयीत चालणारे श्वास. 'व्हीझ' म्हणजे दम्याच्या रुग्णाच्या छातीत वाजणारी शिट्टी, जिला आपल्याकडे 'छातीत सूं सूं वाजते' असे म्हणतात. 'चोक' म्हणजे घशात काहीतरी अडकणे, आणि 'सॉब' म्हणजे हुंदका. यांत गॅस्पचा सख्खा शेजारी हुंदकाच म्हणावा लागेल, कारण हुंदका देतानाही श्वास झटके खात आत ओढला जातो. मिरचीचा ठेचा खाऊन आपण जो 'स्स्' करतो, तोही आत जाणारा आवाजच आहे, फक्त दातांमधून. श्वास आत घेताना काढलेला आवाज भाषेत कामाला येऊ शकतो याचे आणखी एक उदाहरण गॅस्पच्या माहेराजवळच सापडते : उत्तर स्वीडनमध्ये पुष्कळ लोक 'हो' म्हणण्याऐवजी नुसता एक छोटा श्वास आत ओढतात, आणि नवख्या माणसाला वाटते की आपण काहीतरी भयंकर बोलून गेलो.

थंड पाण्याचा पहिला तांब्या अंगावर पडला की जो श्वास आपोआप आत ओढला जातो, तोही गॅस्प. दिवाळीच्या पहाटे तो मजेचा विषय असतो. डोंगरातल्या वितळलेल्या बर्फाच्या नदीत तो जिवावर बेततो. त्वचेला एकाएकी गारवा झोंबला की श्वासपटल आपल्या इच्छेची वाट न पाहता आकुंचन पावते, श्वास आत ओढला जातो आणि त्यानंतर काही काळ श्वासांवर ताबा राहत नाही. पाणी साधारण १५ अंश सेल्सिअसपेक्षा गार असेल, तर ही प्रतिक्रिया जोरदार असते. पहिल्या अर्ध्या मिनिटात ती सर्वाधिक तीव्र असते आणि दोन-तीन मिनिटांत ओसरते. मात्र तो पहिला श्वास ओढला जाताना तोंड पाण्याखाली असेल, तर हवेऐवजी पाणी आत जाते. उत्तम पोहणारा माणूस गार पाण्यात उडी मारताच बुडाला, अशा बातम्यांमागे पुष्कळदा हेच कारण असते. हिमालयात राफ्टिंगला जाणाऱ्यांना जीवरक्षक जाकीट घालायला लावतात, ते नुसत्या प्रवाहाच्या भीतीपोटी नव्हे.

या सगळ्या गॅस्पमध्ये एक गोष्ट समान आहे : तो आपण ठरवून घेत नाही. तो मेंदूच्या अगदी तळाकडून येतो, जिथे मेंदू पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूला जोडला जातो. १९२३ मध्ये थॉमस लम्सडेन या ब्रिटिश संशोधकाने मांजरांवर प्रयोग करून दाखवले की, मेंदूचा हा देठ वरून खाली टप्प्याटप्प्याने छेदत गेले, तर श्वासाची घडी क्रमाक्रमाने बिघडत जाते, आणि वरची सगळी केंद्रे तोडल्यावर जे शिल्लक राहते ते म्हणजे गॅस्प. श्वासाचा सर्वांत जुना, सर्वांत खालचा मजला तो हाच. पुढे १९९१ मध्ये श्वासाची लय निर्माण करणाऱ्या पेशींचा एक छोटा समूह सापडल्याचे जॅक फेल्डमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जाहीर केले आणि त्याला 'प्री-बॉट्झिंगर' असे नाव मिळाले. हे कोणा थोर शास्त्रज्ञाचे नाव असेल असे वाटते. प्रत्यक्षात जर्मनीतल्या एका परिषदेच्या वेळी टेबलावर असलेल्या वाइनच्या बाटलीवरचे ते नाव होते. उंदरांच्या मेंदूच्या पातळ कापांवर केलेल्या प्रयोगांत याच पेशींमधून साध्या श्वासाची, उसाशाची आणि, प्राणवायू तोडल्यावर, गॅस्पची अशा तिन्ही लयी निघताना दिसल्या.

इथून आपण पुन्हा रुग्णालयाच्या त्या बाकावर येतो. हृदय एकाएकी बंद पडले की रक्ताभिसरण थांबते, काही सेकंदांत माणूस बेशुद्ध होतो आणि मेंदूचे वरचे मजले अंधारतात. तळमजल्यावर मात्र थोडी शिदोरी उरलेली असते. त्या शिदोरीवर तो काही मिनिटे आपले जुने काम करत राहतो : जबडा खाली पडतो, तोंड उघडते, मान किंचित मागे जाते, घोरल्यासारखा किंवा फुरफुरल्यासारखा आवाज होऊन एक श्वास आत ओढला जातो, आणि मग काहीच नाही. पाच सेकंद, दहा सेकंद, कधी त्याहून जास्त. मग पुन्हा एकदा तसेच. पाटीतला मासा. डॉक्टर याला 'अ‍ॅगोनल' श्वास किंवा सरळ गॅस्पिंग म्हणतात. तो श्वासासारखा दिसतो, पण त्याने शरीराची गरज भागत नाही. म्हणून 'पेशंट गॅस्पिंग आहे' या वाक्याचे खरे मराठी 'पेशंटला धाप लागली आहे' असे होत नाही. धाप लागलेल्या माणसाचे हृदय जोरात धावत असते. गॅस्पिंग करणाऱ्याचे बंद पडलेले असते, किंवा बंद पडण्याच्या बेतात असते.

आपल्या भाषेत यासाठी नेमका शब्द आहे आणि तो जुना आहे : आचका. 'आचके देणे' हे शब्द आजी-आजोबांच्या पिढीला सांगावे लागत नव्हते. 'घरघर लागणे' हे त्याच्या जवळचे असले, तरी वेगळे. ती घशात साठलेल्या स्रावाची खरखर असते. 'ऊर्ध्व लागणे' हाही शेवटच्या श्वासांचाच शब्द. तो आयुर्वेदातल्या 'ऊर्ध्वश्वास' या संज्ञेवरून आला. चरकसंहितेत महा, ऊर्ध्व, छिन्न, तमक आणि क्षुद्र असे श्वासाच्या विकाराचे पाच प्रकार सांगितले आहेत आणि त्यांपैकी पहिले तीन असाध्य मानले आहेत. गंमत अशी की तिथल्या ऊर्ध्वश्वासाचे वर्णन वर, बाहेर लांबत जाणाऱ्या आणि धड आत न येणाऱ्या श्वासाचे आहे, म्हणजे दिशा गॅस्पच्या उलट. बोलीत मात्र हे सगळे शब्द एकमेकांत मिसळले, आणि ते स्वाभाविकच होते, कारण खाटेभोवती उभी असलेली माणसे श्वासाची दिशा मोजत नव्हती.

लाक्षणिक अर्थाने मात्र दोन्ही भाषा जवळजवळ एकाच वाटेने गेल्या. बंद पडत चाललेल्या साखर कारखान्याला 'घरघर लागली' असे आपली वृत्तपत्रे लिहितात, एखादी जुनी प्रथा 'शेवटचे आचके देत आहे' असे म्हणतात. इंग्रज अशा ठिकाणी 'लास्ट गॅस्प' म्हणतो. फरक खेळाच्या पानावर पडतो. 'लास्ट गॅस्प' विजय म्हणजे मरणोन्मुख विजय नव्हे, अगदी अखेरच्या क्षणी खेचून आणलेला विजय. १८ मार्च २०१८ रोजी कोलंबोत निदहास करंडकाच्या अंतिम सामन्यात बांगलादेशविरुद्ध शेवटच्या चेंडूवर पाच धावा हव्या असताना दिनेश कार्तिकने षटकार मारला, तो या शब्दप्रयोगाचा नमुना. मराठीत याचे भाषांतर 'अखेरचा आचका देत विजय' असे केले, तर संपादकाला गॅस्प येईल.

आचक्यांकडे परत येणे भाग आहे, कारण घरात किंवा रस्त्यात हृदय बंद पडलेल्यांपैकी साधारण तिघांत एकाला, काही पाहण्यांत त्याहून अधिक जणांना, सुरुवातीच्या मिनिटांत असे आचके येतात. जवळचे लोक ते पाहून म्हणतात, 'श्वास चालू आहे', आणि थांबतात. कोणी पाणी शिंपडतो, कोणी पाय चोळतो, कोणी कांदा हुंगवतो. म्हातारे माणूस असेल तर तुळशीपत्र आणि गंगाजल आणले जाते. दीर्घ आजाराने अंथरुणाला खिळलेल्या, शेवटची वाट सर्वांनी समजून घेतलेल्या माणसाच्या उशाशी ते गंगाजल आपल्या जागी शोभते; त्या वेळी तो माणूस बेशुद्ध असतो आणि ते आचके ही मेंदूच्या तळाची प्रतिक्षिप्त क्रिया असते, तेव्हा तो तळमळत आहे असे समजून घरच्यांनी स्वतःला कोसत बसू नये. पण मघापर्यंत चहा पीत बोलत असलेला पन्नाशीतला माणूस कोसळून आचके देऊ लागला, तर त्याच्या तोंडात थेंबभरही पाणी घालू नये. त्याला वाचवता येण्याची शक्यता असते, आणि आचके येत असतील तर ती शक्यता तुलनेने बरी असते, कारण त्याच्या मेंदूचा तळ अजून जिवंत आहे. काही केले नाही, तर मात्र ती दर मिनिटाला सात ते दहा टक्क्यांनी घटत जाते.

याच कारणासाठी अमेरिकन हार्ट असोसिएशनच्या सूचनांत 'श्वास घेत नाही' याला जोडून 'किंवा फक्त गॅस्प करतो' असे शब्द मुद्दाम घातलेले आहेत, आणि २०१० पासून 'वाकून पाहा, ऐका, गालावर श्वास जाणवतो का ते तपासा' ही जुनी पायरी काढून टाकण्यात आली, कारण तिच्यात वेळही जात होता आणि आचक्याला लोक श्वास समजत होते. खांदे थोपटून हाक मारावी. प्रतिसाद नसेल, तर छाती नेहमीसारखी वरखाली होते का, हे दहा सेकंदांच्या आत पाहावे. होत नसेल किंवा मधूनच एखादा आचका येत असेल, तर छातीच्या मधोमध दोन्ही तळहात एकावर एक ठेवून मिनिटाला १०० ते १२० या वेगाने पाच ते सहा सेंटिमीटर खोल दाब देत राहावे. दाबताना पुन्हा आचका आला, तर 'उठला' असे समजून थांबू नये. आपल्या दाबण्याने मेंदूकडे थोडे रक्त पोहोचू लागल्याची ती खूण असू शकते.

नवजात बाळाच्या बाबतीत हा शब्द तितकाच कडक अर्थाने वापरला जातो. जन्मल्यावर बाळ नुसते गॅस्प करत असेल, तर ते श्वास घेत नाही असेच धरायचे आणि पहिल्या मिनिटाच्या आत पिशवी आणि मास्कने त्याला हवा द्यायची, असे प्रसूतिगृहातल्या कर्मचाऱ्यांना शिकवले जाते. आपल्या देशात २००९ मध्ये सुरू झालेल्या नवजात शिशू सुरक्षा कार्यक्रमाचा हा पायाभूत धडा आहे. एका आजाराच्या नावातही हा शब्द जाऊन बसला. सलाइनमध्ये परिरक्षक म्हणून घातलेले बेंझिल अल्कोहोल अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या शरीरात साठून त्यांना आचके येऊ लागतात आणि मृत्यू ओढवतो, हे अमेरिकेत १९८२ मध्ये लक्षात आले, तेव्हा त्याला 'गॅस्पिंग सिंड्रोम' असे नाव पडले. नवजात बाळांसाठी परिरक्षक नसलेले सलाइन वापरावे हा नियम त्यातूनच आला.

महाराष्ट्रात आणि गोव्यात १०८ क्रमांक फिरवला की पलीकडून रुग्ण शुद्धीवर आहे का आणि श्वास चालू आहे का, असे विचारले जाते. घाबरलेला माणूस आचके पाहून 'हो, चालू आहे' असे सांगतो, आणि पुढच्या सूचना त्या उत्तरावर ठरतात. अशा वेळी 'गॅस्पिंग' हा शब्द आठवला नाही तरी चालेल. 'हाक मारली तरी उठत नाहीत, नीट श्वास घेत नाहीत, मधूनच आचका देतात' हे मराठी वाक्य पलीकडच्या माणसाला पुरेसे आहे.